सांगलीच्या काळ्या मातीत सीता अशोक

सीता अशोक हे सह्याद्रीतल्या सदाहरित जंगलातले, ओढ्याकाठच्या दमट सावलीत वाढणारे झाड आहे, आणि आमचे घर सांगलीत, कृष्णेच्या पुराचे पाणी जिथवर येते अशा काळ्या जमिनीवर आहे. आमच्याच जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, शिराळा तालुक्यात चांदोलीच्या बाजूला गेले की हे झाड आपल्या मूळ हवापाण्यात भेटते. तिथून सांगलीपर्यंतचे अंतर शंभर किलोमीटरही भरत नाही, पण तेवढ्यात पाऊस कितीतरी पटींनी उतरतो आणि सांगली शहरात तो वर्षाला 600 मिलिमीटरच्या आसपास येऊन थांबतो. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी गाठतो, हवा कोरडी असते, बोअरचे पाणी मचूळ असते आणि जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. अशा ठिकाणी सीता अशोकाच्या नादी लागू नये, असा सल्ला मला जाणकारांनी दिला होता, आणि तो सल्ला चुकीचा होता असे आजही मला वाटत नाही. तरीही परसात पश्चिमेच्या भिंतीलगत एक जागा रिकामी होती आणि घरात सकाळ-संध्याकाळ लक्ष द्यायला माणूस होते, म्हणून 2012 साली मी या खटपटीला लागले.

सर्वांत आधी झाडाची ओळख पक्की करावी लागते. शाळांच्या कुंपणाला आणि मंगल कार्यालयांच्या दारात सरळसोट उभी असलेली, खाली झुकलेल्या फांद्यांची जी झाडे आपण अशोक म्हणून ओळखतो, ती सीताफळाच्या कुळातली आहेत. त्यांना हिरवट, नजरेत न भरणारी फुले येतात आणि औषधी अशोकाशी त्यांचे काही नाते नाही. सीता अशोक हा शेंगा धरणारा, चिंच आणि बहाव्याच्या गोतातला. नर्सरीत रोपाला फूल नसते, पाटीवर भरवसा ठेवता येत नाही, तेव्हा पान पाहावे. खोट्या अशोकाचे पान एकेकटे, लांबट आणि नागमोडी कडांचे असते, तर सीता अशोकाच्या एका मधल्या शिरेवर समोरासमोर चार ते सहा जोड्या पर्णिका असतात आणि त्यांच्या कडा साध्या असतात. एवढे पाहिले की मोठी फसगत टळते, मात्र याच गणातल्या पिवळ्या फुलांच्या परदेशी जातीही हल्ली बागांसाठी विकल्या जातात आणि लहान रोपात त्या ओळखणे अवघड असते. म्हणून ज्या झाडाची फुले आपण किंवा आपल्या माणसाने पाहिली आहेत, त्याचेच बी घ्यावे असे मी ठरवले.

हे बी साठवणीचे नाही. शेंग पिकून खाली पडली की आतल्या बियांमधला ओलावा जसजसा कमी होतो तसतशी त्यांची रुजण्याची ताकद जाते, आणि थोड्याच आठवड्यांत त्या निव्वळ शोभेच्या उरतात. माझ्या नणंदेच्या सासरी, शिराळ्याच्या पश्चिमेकडच्या एका खेड्यात, परड्याच्या खालच्या अंगाला ओढ्यालगत जुना सीता अशोक आहे. वन्संना आधीच सांगून ठेवले होते, त्यामुळे आषाढात शेंगा पडू लागल्याचा निरोप आला तेव्हा लगेच निघता आले. शेंग वीतभर लांब, चपटी आणि चिवट सालीची असते, कोवळेपणी ती जांभळट तांबूस असते आणि पिकल्यावर काळपट होते, आत साधारण चार ते आठ मोठ्या, दबलेल्या बिया निघतात. त्या ओल्या फडक्यात गुंडाळून आणल्या, रात्रभर पाण्यात ठेवल्या आणि सकाळी तरंगत असलेल्या बाजूला काढल्या. वाळू, पोयटा आणि चाळलेले शेणखत समभाग घेऊन पिशव्या भरल्या आणि बी आडवे ठेवून बोटाच्या एका पेराइतके खोल दाबले. शेणखत चाळण्याचा कंटाळा करू नये, कारण आमच्या ऊसपट्ट्यातल्या उकिरड्यात हुमणीच्या अळ्या हमखास असतात आणि पिशवीतल्या कोवळ्या मुळ्या त्या काही दिवसांत फस्त करतात. उंदरांसाठी वरून जाळी टाकली. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात कोंब दिसू लागले.

नवे पान उलगडते तेव्हा ज्याला माहीत नाही त्याचा जीव वरखाली होतो. पालवी तांबूस, मऊ आणि देठापासून थेट खाली लोंबणारी असते, हाताला ती ओल्या कापडाइतकी निर्जीव लागते, आणि रोप उन्हाने किंवा पाण्यावाचून गेले अशी पाहणाऱ्याची खात्री होते. माझ्या सासूबाईंनी त्या पालवीकडे पाहून दोनदा जास्तीचे पाणी घातलेले मी थांबवले. खरे तर हा या झाडाचा स्वभावच आहे. कोवळ्या पानात हरितद्रव्य उशिरा भरते, तोवर ते तांबडे आणि लुळे राहते, मग फिकट पोपटी होते, ताठ होते आणि शेवटी चकचकीत गडद हिरव्या रंगावर स्थिरावते. किडी कोवळ्या पानालाच अधिक लागतात, तेव्हा ते पान जून होईपर्यंत झाड त्यात फारशी गुंतवणूक करत नाही, असा त्याचा अर्थ वनस्पतिशास्त्रात लावला जातो. शोभेच्या दृष्टीने पाहिले तर फुलांच्या आधी कितीतरी वर्षे हे झाड या पालवीवरच डोळ्यांचे पारणे फेडते.

रोपे पिशवीत वर्षभर ठेवली. ती सावकाश वाढतात आणि घाई करून काही साधत नाही. दरम्यान जागेची तयारी केली. माती तपासून घेतली तेव्हा सामू (पीएच) 8.2 निघाला, म्हणजे या झाडाला जी उदासीन किंवा किंचित आम्ल माती मानवते, तिच्यापेक्षा बराच चढा. शिवाय काळ्या जमिनीत दोन फुटांचा खड्डा घेऊन त्यात भुसभुशीत माती भरली की पावसाळ्यात आजूबाजूची चिकण जमीन पाणी आत सोडते पण बाहेर जाऊ देत नाही, आणि खड्ड्याचा हौद होतो. ओढ्याकाठचे झाड असले तरी वाहती ओल वेगळी आणि साचलेले पाणी वेगळे, हे विसरून चालत नाही. म्हणून खड्ड्याऐवजी जमीन पहारीने खोल मोकळी करून तिच्यावर मुरूम, पोयटा, कुजलेले शेणखत आणि पालापाचोळ्याचे खत मिसळून दीड फूट उंचीचा पसरट ओटा केला आणि 2013 च्या मृगात सर्वांत सरळ मुळाचे रोप त्यावर लावले. पिशवीच्या तळाशी मुख्य मूळ वेटोळे घेऊ लागलेले असेल तर ते हलक्या हाताने सरळ करून घ्यावे लागते.

सावलीचा प्रश्न मला मिरज तालुक्यातल्या पानमळ्यांनी सोडवून दिला. नरवाड, बेडग या बाजूला नागवेलीसाठी शेवरी, शेवगा, पांगारा अशी झाडे लावून मळ्यात विरळ सावली आणि दमट हवा राखतात. ओळखीच्या एका पानमळेवाल्या काकांना मी सीता अशोकाची अडचण सांगितली, तेव्हा त्यांनी विचारले, "दुपारचं ऊन कुठल्या अंगानं येतं?" आणि त्या अंगाला शेवरी दाट टोकायला सांगितली. शेवरी एका पावसाळ्यात डोक्यावर जाते, तिची सावली चाळणीतून पडल्यासारखी विरळ असते आणि तिच्या मुळांवरच्या गाठींमुळे जमिनीत नत्र पडते. दक्षिण आणि पश्चिम बाजूंना शेवरी, जवळ एक केळीचे बेट, आणि वर काही नाही, अशी मांडणी केली. शेडनेटची सावली चालते, पण नेटखाली हवा कोंडते आणि कोरडीच राहते, असा माझा अनुभव आहे. दर हिवाळ्यात शेवरीचा थोडा थोडा भाग छाटत गेले, जेणेकरून झाडाला उन्हाची सवय हळूहळू व्हावी. चौथ्या वर्षी शेवरी पूर्ण काढली.

पाण्याविषयी मात्र सविस्तर लिहिले पाहिजे, कारण सांगलीत हे झाड जगते किंवा मरते ते पाण्यावर. पाण्याचे प्रमाण ठरवणे तुलनेने सोपे आहे. रोज वरवर शिंपण्यापेक्षा तिसऱ्या-चौथ्या दिवशी सावकाश, खोलवर भिजेल असे द्यावे, आणि देण्यापूर्वी आच्छादन बाजूला करून बोट मातीत घालून पाहावे. कठीण असते ती पाण्याची जात. कृष्णाकाठी उसाला वर्षानुवर्षे पाट भरून पाणी दिल्यामुळे आणि निचऱ्याची सोय नसल्यामुळे क्षारपड झालेल्या जमिनी या जिल्ह्याला नव्या नाहीत, आणि घराच्या परसातही तेच छोट्या प्रमाणात घडते. बोअरच्या पाण्याने मार्च संपेपर्यंत काही वाटत नाही, मग जुन्या पानांची टोके करपू लागतात. आधी टोकाशी नखाएवढा तपकिरी डाग, मग कडेने तो आत सरकत येतो, त्याची सीमारेषा अगदी काटेकोर असते आणि पानाचा उरलेला भाग हिरवाच राहतो. पाणी कमी पडले समजून अधिक बोअरचे पाणी दिले की क्षार आणखी साठतात. आम्ही गच्चीवरचे पावसाचे पाणी टाकीत धरायला सुरुवात केली, ते संपले की नळाचे पाणी वापरले आणि बोअर फक्त निकडीला ठेवला. उन्हाळ्यात बोअर वापरावाच लागला तर मधूनमधून एकदा गोड्या पाण्याने भरपूर भिजवून क्षार मुळांच्या खाली उतरवावे लागतात, आणि ओटा उंच असल्यामुळे ते उतरतातही.

आच्छादनाला उसाचे पाचट. सांगलीत याच्याइतकी फुकट आणि उपयोगी वस्तू दुसरी नाही आणि तरी शेतोशेती ते पेटवून देतात, याचे मला नेहमी नवल वाटते. अर्धा फूट जाडीचा थर ओट्यावर पसरला, खोडापासून वीतभर जागा मोकळी ठेवली. खालची माती मे महिन्यातही गार लागत असे आणि वर्षभरात पाचटाचा खालचा थर काळा होऊन मातीत मिसळत असे.

तिसऱ्या वर्षी नवी पाने ताठ झाल्यावरही हिरवी होईनात. शिरा हिरव्या आणि मधली जागा पिवळी, असे ते चित्र होते, आणि ते फक्त शेंड्याच्या पानांवर होते. नत्र कमी पडले तर जुनी पाने आधी पिवळी पडतात, शेंडा पिवळा पडला तर बहुधा लोहाची कमतरता असते. आमच्या मातीत लोह नसते असे नाही, पण चुनखडीमुळे आणि चढ्या सामूमुळे ते मुळांना उचलता येत नाही. दहा लिटर पाण्यात 50 ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) विरघळवून, त्यात लिंबाचा रस घालून, गाळून, ऊन उतरल्यावर पानांवर फवारले. ताज्या तांबड्या पालवीवर फवारू नये, पान ताठ होऊ द्यावे. पुढच्या पालवीपासून रंग सुधारला. दरवर्षी गांडूळखत आणि पाचट चालू ठेवल्यावर ही तक्रार कमी होत गेली, तरी पूर्ण गेलेली नाही. किडीचा त्रास त्या मानाने किरकोळ होता. कोवळ्या फांद्यांवर पिठ्या ढेकूण आणि त्यांच्यामागे मुंग्या येतात, त्यांना निंबोळी अर्क आणि पाण्याची जोरदार धार पुरली.

2019 च्या ऑगस्टमध्ये महापूर आला. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी 45 फूट धरतात, त्या वर्षी पाणी 57 फुटांपर्यंत चढले. आम्ही मिरजेला नातेवाइकांकडे होतो आणि परतलो तेव्हा परसात सगळीकडे चिकट, दुर्गंधीयुक्त गाळ होता. ओट्याचा एक कोपरा खचला होता, खालच्या फांद्या चिखलाने माखल्या होत्या. पपई आणि शेवगा पुढच्या काही आठवड्यांत कुजून गेले. अशोकाच्या बुंध्याभोवतीचा गाळ आधी हातांनी काढला, कारण तो वाळून घट्ट झाला की मुळांना हवा मिळत नाही, मग पाने नळीच्या पाण्याने धुतली आणि खत, औषध, पाणी काहीही दिले नाही. निम्म्याहून अधिक पाने गळली. कार्तिकात तांबडी पालवी आली तेव्हा झाड तगले याची खात्री झाली. पुराच्या गाळाने जमीन कसदार होते आणि त्यामुळेच पुढे झाड फुलले असे आमच्याकडे येणारे अनेकजण सांगतात, पण बी लावल्यापासून या झाडाला फुलायला सात-आठ वर्षे लागावीत हे तसेही स्वाभाविक होते, त्यामुळे ते श्रेय मी गाळाला देत नाही.

पहिला बहर 2021 च्या माघाअखेर आला. तो फांद्यांच्या शेंड्यांवर शोधत होते आणि प्रत्यक्षात कळ्यांचे घोस जुन्या, जाड फांद्यांना आणि थेट खोडाला फुटले होते. ही गोष्ट छाटणी करणाऱ्यांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे, कारण खोड स्वच्छ दिसावे म्हणून खालच्या फांद्या काढून टाकण्याची आपल्याकडे फार हौस असते. फूल जवळून पाहिले तर त्याला पाकळ्याच नसतात. एका बारीक नळीच्या तोंडाशी चार रंगीत दले असतात, ती पाकळ्यांसारखी दिसतात पण तो निदलपुंज, म्हणजे फुलाचे सर्वांत बाहेरचे आवरण, असतो, आणि त्यातून सात-आठ लांब तांबडे पुंकेसर बाहेर डोकावतात. उमलताना दले पिवळट नारिंगी असतात आणि एक-दोन दिवसांत शेंदरी व मग लाल होतात, त्यामुळे एकाच घोसात तिन्ही रंग असतात. सुगंध मंद असतो आणि अंधार पडल्यावर जास्त जाणवतो. तरुणीच्या पायाच्या प्रहाराने अशोक फुलतो असा संस्कृत कवींचा संकेत आहे. आमच्याकडे त्याला पाचट आणि हिराकस लागले.

फुले दिसू लागली तशी साल मागणारी माणसेही येऊ लागली. अशोकाची साल आयुर्वेदात स्त्रियांच्या विकारांवर, विशेषतः अंगावरून जास्त जाण्याच्या तक्रारीवर पूर्वापार वापरतात, आणि अशोकारिष्टात सालीचा काढा, गूळ व धायटीची फुले घालून तो आंबवतात, हे बहुतेकांना ऐकून माहीत असते. शेजारच्या एका वहिनींनी सुनेसाठी विचारले, "तुमच्याकडं झाड हायच की, हातभर साल द्या." मी दिली नाही, आणि का दिली नाही ते त्यांना झाडापाशी नेऊन सांगितले. सालीच्या आतल्या अंगानेच पानांत तयार झालेले अन्न मुळांकडे उतरते, त्यामुळे खोडाभोवती साल सोलली तर वरचे झाड हिरवे दिसत असतानाच खाली मुळे उपाशी मरतात. आमचे खोड तेव्हा मनगटाहून थोडे जाड होते. दुसरे म्हणजे अंगावरून जास्त जाण्याची कारणे अनेक असतात, त्यांतली काही गंभीर असतात, आणि गरोदरपणाची शक्यता असताना असले काढे घरगुती मापाने घेणे धोक्याचे आहे. सुनेला आधी डॉक्टरांना दाखवावे आणि औषध घ्यायचेच तर वैद्यांच्या सल्ल्याने घ्यावे, हे मी आग्रहाने सांगितले. वहिनी रागावल्या, पण पुढे सुनेची तपासणी झाली.

औषधी असल्यामुळेच हे झाड धोक्यात आले आहे, हे या निमित्ताने सांगायला हवे. जंगलातल्या झाडांची साल इतकी ओरबाडली गेली की जागतिक निसर्ग संवर्धन संघाच्या लाल यादीत त्याची नोंद संकटग्रस्त होऊ शकणाऱ्या, असुरक्षित जातींमध्ये आहे, आणि खरी साल अपुरी पडते म्हणून बाजारात खोट्या अशोकाची साल तिच्या नावाखाली मिसळली जाते. चांदोलीसारख्या संरक्षित जंगलातून बी, रोप किंवा साल आणणे बेकायदा आहे, आणि ते कुणी आणून देतो म्हणाले तरी घेऊ नये.

आता आमच्या झाडाला मोजक्या शेंगा धरतात. त्या पिकून पडल्या की त्याच आठवड्यात पिशव्या भरते आणि पुढच्या मृगात रोपे वाटते. रोप मागायला आलेल्या माणसाला मी आधी दोनच गोष्टी विचारते: पाणी नळाचे की बोअरचे, आणि दुपारचे ऊन कोणत्या बाजूने येते. ज्यांच्याकडे मचूळ बोअरशिवाय पाणी नाही आणि जागा पश्चिमेला उघडी आहे, त्यांना अशोक देत नाही, बकुळीचे रोप देते. तीही सदाहरित आहे, औषधी आहे, फुलांना वास तिच्याच जास्त, आणि सांगलीच्या कोरड्या उन्हाळ्याशी तिचे जास्त पटते.